ऑइल खाणारी गाडी

१

टेंपोतून मोटारसायकल उतरली, तिच्यासोबत एक पत्रही उतरलं, आणि दोघांत जड कोण हे सांगणं अवघड होतं. टेंपोवाल्यानं गाडी गॅरेजच्या दारात साइड स्टँडवर उभी केली, पत्र सीटवर ठेवलं आणि तो निघून गेला.

पत्र रक्ततपासणीच्या लॅबमधून आलं होतं. सही डॉक्टरीणबाईंची, मजकूर मोजका. तीन आठवड्यांपूर्वी या गॅरेजनं गाडीचं इंजिन पूर्ण बांधून दिलं. तेव्हापासून गाडी धूर ओकते, मिसिंग करते, आणि काल, बुधवारी, ती चढावर बंदच पडली. नमुन्यांच्या पेटीतला बर्फ वितळला. अकरा जणांचं रक्त फुकट गेलं, त्यांत एक चार महिन्यांचं बाळ होतं. इंजिनात नवे पार्ट खरोखर घातले होते का, याचा खुलासा शनिवारी दुपारी बारापर्यंत व्हावा. नाहीतर लॅबच्या चारही गाड्या दुसरीकडे जातील, आणि त्या का गेल्या हे सगळ्या दवाखान्यांना कळवलं जाईल.

गॅरेज भाचीचं होतं. उघडून आठ महिने झाले होते आणि अख्खं इंजिन एकटीनं बांधायची ही तिची पहिलीच खेप. बाईमाणसाच्या हातचं इंजिन किती टिकतं, यावर समोरच्या चहाच्या टपरीवर आठ महिने विनोद चालू होते. तसं पत्र दवाखान्यांत पोचलं असतं तर विनोद संपले असते आणि गॅरेजही.

भाचीनं मावशीला फोन केला. मावशी म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण, पण भाचीचं ऐकून आता सगळी गल्लीच तिला मावशी म्हणे. पस्तीस वर्षं लेथवर काढलेली बाई. सिलिंडर आतून तासून बोअर करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि टोमणे मारण्यात तर नव्हतंच नव्हतं. या गाडीचा सिलिंडरही तिनंच बोअर केला होता. म्हणजे पत्रावर नाव भाचीचं असलं तरी त्यातला अर्धा आरोप मावशीच्या दारात येऊन बसला होता.

मावशी पोचली तेव्हा भाची गाडीशेजारी उकिडवी बसली होती. हातात पाना होता, आणि पाना ऑइल काढायच्या बोल्टवर.

“हात काढ,” मावशी म्हणाली.

“इंजिन उघडून बघते ना. पिस्टनची रिंग तुटली असेल तर निदान कळेल तरी.”

“उघडायचं म्हणजे आधी ऑइल काढणार. ते ट्रेमध्ये जाणार, ट्रे पिंपात जाणार. मग विचारायचं कुणाला? एकदा उघडलं की इंजिन बोलायचं थांबतं. आधी चालू असताना काय म्हणतंय ते ऐकू.”

भाचीनं पाना खाली ठेवला. तिचे डोळे सुजलेले होते. मावशीनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. रडणाऱ्याची चौकशी केली की ते आणखी रडतं, हा तिचा अनुभव होता.

“एकच सांग आणि एकदाच सांग. नव्या रिंगा घातल्या होत्यास?”

“मावशी, तू पण?”

“हो की नाही?”

“हो.”

“झालं तर मग. खोटं दुसरंच कुणीतरी बोलतंय.”

२

मावशीच्या पिशवीत पत्र्याचा एक चपटा डबा असे. त्यात पोस्टकार्डाएवढे पांढरे पुठ्ठे. गाडी चालू करायची, सायलेन्सरच्या मागे पुठ्ठा धरायचा, वीस मोजायचे आणि मागे तारीख लिहायची. लोक आपल्या पोरांचे फोटो जपतात तसे तिनं हे पुठ्ठे जपले होते.

भाचीनं किक मारली. गाडी तिसऱ्या किकला उठली आणि उठल्याउठल्या खोकू लागली. चार ठोके नीट, एक गायब. धूर निळसर होता. रेस वाढवली तसा तो दाट झाला आणि दारातून आत येऊन भिंतीवरच्या पान्यांवर रेंगाळला. मावशीनं वीस मोजून पुठ्ठा उजेडात धरला. त्यावर तपकिरी, चिकट ठिपके होते.

“काळा धूर असता तर पेट्रोल जास्त जातंय म्हटलं असतं,” ती म्हणाली. “पांढरी वाफ असती तर पाणी. हे निळं आहे, चिकट आहे. ऑइल जळतंय. आता प्लग काढ.”

प्लग काळा आणि ओला निघाला. मिसिंगचं कारण तेवढ्यात मिळालं, ओल्या प्लगवर ठिणगी पडणार कशी? पण प्लग ओला होणं हे दुखणं नव्हतं, दुखण्याचं लक्षण होतं. मावशीनं प्लगच्या जागी दाब मोजायचं घड्याळ बसवलं आणि भाचीला किक मारायला लावली. काटा सरळ वर गेला आणि तिथेच थांबला. मग तिनं सिलिंडरमध्ये पंपानं हवा भरली आणि इंजिनाच्या अंगाला कान लावला. रिंगा झिजल्या असत्या तर हवा खाली निसटताना फुसफुसली असती. आत शांतता होती.

“रिंगा ठणठणीत आहेत,” मावशी म्हणाली. “ऑइल किती आहे?”

“टेंपो गेल्यागेल्या इंजिनातली मापाची पट्टी काढून पाहिलं. अगदी वरच्या खुणेला आहे. ही गाडी चालवणारे लॅबचे काका रोज बघतात, कमी होऊ देत नाहीत.”

“एअर फिल्टर?”

भाचीनं फिल्टरचा डबा उघडला. आतला स्पंज ऑइलनं निथळत होता आणि डब्याच्या तळाशी वाटीभर ऑइल साचलं होतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. स्पंजाला ऑइलचा हात लावतात, पण तो हात. ही तर आंघोळ होती.

“तू त्या वेळी काय काय काम केलंस ते सगळं सांग. क्षुल्लक असेल तेही.”

भाचीनं बोटांवर मोजलं. रिंगा, पिस्टन, व्हॉल्व्हचे सील, क्लचप्लेटा, नवी चेन. मेन स्टँडचे दोन्ही पाय झिजून गाडी डुगडुगत होती, त्यांना वेल्डिंगचा थर देऊन उंची पुरी केली. हँडलचे रबर बदलले. ही शेवटची दोन्ही कामं कुणी न सांगता, आपल्याकडून म्हणून.

“फिल्टरला ऑइल?”

“मी कोरडा पिळून बसवला होता. शपथ.”

मावशीनं पुठ्ठा डब्यात ठेवला. सिलिंडर घट्ट, रिंगा चांगल्या, आणि इंजिन तरीही ऑइल जाळतंय. घराची दारं-खिडक्या बंद आणि चोर आत बसलेला, अशातली गत होती.

३

पार्टवाल्याचं दुकान एवढं अरुंद होतं की गिऱ्हाईक आत शिरलं की मालकाला बाहेर यावं लागे. मावशी आत शिरली आणि तो बाहेर आला.

“मी नकली माल विकतो असं म्हणायचंय का तुम्हाला?” त्यानं आधीच विचारलं. बातमी टपरीमार्गे पोचली होती.

“अजून काही म्हटलंच नाही मी. त्याच खोक्यातली दुसरी रिंग दाखव.”

त्यानं फणकाऱ्यानं खोकं समोर आपटलं. मावशीनं पिशवीतून मायक्रोमीटर काढला, तीन रिंगा तीन-तीन ठिकाणी मोजल्या आणि खोकं परत केलं. माल अस्सल होता. तसं तिनं सांगितलंही, कारण चांगल्याला चांगलं म्हणायला तिला कधी कष्ट पडले नाहीत. पार्टवाल्याचा चेहरा सैल झाला, आणि चेहरा सैल झालेला माणूस बोलतोच.

“खरं सांगू का मावशी? तुमच्या भाचीबद्दल मला काही वाकडं बोलायचं नाही. पण ते इंजिन फेल आहे. लॅबचे काका तीन आठवड्यांत माझ्याकडून ऑइलच्या तीन बाटल्या घेऊन गेले. लिटर-लिटरच्या. पूर्वी महिनोन्महिने फिरकायचे नाहीत.”

“तीन?”

“तिसरी सोमवारी नेली. म्हणाले, पोरीनं बांधल्यापासून गाडी ऑइल खातेय.”

त्या इंजिनात मुळात एक लिटर ऑइल मावतं. मावशी दुकानातून बाहेर आली ती हिशेब करतच. जे इंजिन तीन आठवड्यांत एवढं ऑइल खातं, ते इतकं घट्ट असूच शकत नाही. एक गोष्ट खरी धरली की दुसरी खोटी पडत होती.

४

लॅबच्या मागच्या बाजूला पत्र्याचं छप्पर होतं. चार गाड्यांच्या चार जागा, भिंतीवर हेल्मेट टांगायचे खिळे, कोपऱ्यात नमुन्यांच्या पेट्या धुवायचा नळ. शुक्रवारी सकाळी मावशी तिथे गेली तेव्हा भिंगरी पेटी धूत होता. हा दुपारच्या फेरीचा रायडर, तिशीचा. एका जागी तो उभा राहिलेला कुणी पाहिला नव्हता, म्हणून हे नाव.

“गाडी तुझ्याकडेही असते ना?”

“दुपारी माझ्याकडे, सकाळी काकांकडे. आणि धूर मी काढला नाही, आधीच सांगतो. मी पिळतो तेव्हा दिसतो, एवढंच. काका बैलगाडी हाकल्यासारखे चालवतात, त्यांना कसा दिसणार?”

“डॉक्टरीणबाईंना जाऊन गाडी भंगार झाली म्हणालास, असं टपरीवर ऐकलं. ते कशाला?”

भिंगरीनं नळ बंद केला. “नवी गाडी मिळेल म्हणून. त्यात काय खोटं आहे? सत्तर किलोमीटर रोज जातो मी तिच्यावर. बसून बघा एकदा.”

“फिल्टर तू उघडला होतास?”

“गेल्या शनिवारी. ऑइलनं भरला होता, म्हणून पेट्रोलनं धुऊन, कडकडीत वाळवून लावला. त्याचाही आळ माझ्यावर का?”

शनिवारी वाळवलेला स्पंज गुरुवारी पुन्हा निथळत होता. म्हणजे ऑइल बाहेरून कुणी ओतत नव्हतं. ते इंजिनातूनच फिल्टरमध्ये येत होतं. भिंगरी खरं बोलत असेल तर. आणि आपलं लबाडपण जो इतक्या सहज सांगतो तो बाकीचं खोटं कशाला सांगेल, असं मावशीला वाटलं.

तिनं गाडीची रिकामी जागा न्याहाळली. फरशीवर एकमेकांशेजारी दोन खोल ओरखडे होते, वर्षानुवर्षं मेन स्टँड टेकून पडलेले. त्यांत बारीक धूळ भरली होती. त्यांच्या डावीकडे नाण्याएवढा एक नवा खड्डा, कडा अजून पांढऱ्या. मग तिची नजर भिंतीवर गेली. प्रत्येक जागेवर एकेक खिळा होता, डोक्याच्याही वर. या जागेवर दोन होते. वरचा घासून चकचकीत झालेला आणि रिकामा. खालचा नवा, छातीच्या उंचीवर, आणि त्याला हेल्मेट.

“हे कुणाचं?”

“काकांचं. आत चहा घेतायत. जा, भेटा. पण जपून, तुमच्या भाचीवर फार रागावलेत.”

५

काकांना लॅबमध्ये तीस वर्षं झाली होती. त्यांची गाडी आली की दवाखान्यांतल्या नर्सेस घड्याळ लावून घेतात, असं म्हणत. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, बुटांना पॉलिश. त्यांनी मावशीला खुर्ची दिली आणि डाव्या हातानं चहा पुढे केला.

“तुमच्याशी माझं भांडण नाही,” ते म्हणाले. “पण त्या बाळाला दुसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा मी तिथे होतो. शीर सापडत नव्हती. ते रडणं माझ्या कानातून जात नाही.”

“मलाही ते ऐकवलं नसतं,” मावशी म्हणाली, आणि ते खरंच होतं. “ऑइल तुम्हीच बघता ना?”

“रोज सकाळी साडेसहाला. गाडी थंड असताना. तीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही.” त्यांनी डाव्या हातानंच खिशातून छोटी वही काढून टेबलावर सरकवली. “बघा. गाडी परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशीच पट्टी जवळजवळ कोरडी. अर्धी बाटली घातली तेव्हा खुणेला आलं. मग दर एक-दोन दिवसांनी थोडं थोडं. घातलं की चार दिवस टिकलं असं नाही. हे नवं इंजिन म्हणायचं?”

वही स्वच्छ होती. तारखा, वेळा, किती घातलं ते. खाडाखोड नाही. मावशीनं आयुष्यात अनेक लबाड कागद पाहिले होते आणि हा तसा नव्हता. हा माणूस अक्षर न् अक्षर खरं सांगत होता.

“तुम्ही हे टपरीवरही बोललात.”

“खरं बोलायला मी घाबरत नाही,” काका म्हणाले. “पोरीनं इंजिन बिघडवलं. उद्या तिच्या तोंडावर सांगेन.”

परतीच्या वाटेवर मावशी सावकाश चालली. भाची खोटं बोलत नव्हती, पार्टवाल्याच्या रिंगा अस्सल, भिंगरी लबाड पण निर्दोष, काका तर आरशासारखे स्वच्छ. मग उरलं कोण? उरली ती सिलिंडर बोअर करणारी. गेल्या वर्षीपासून तिला बारीक आकडे वाचायला डोळे बारीक करावे लागत होते, आणि हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. दाबाचं घड्याळ काहीही म्हणो, बोअर तिरका गेला असेल तर? म्हणजे आपल्याच हातून भाचीचं गॅरेज बुडालं. शनिवारी बारा वाजता आपणच दोष कबूल करायचा, असं तिनं घरी पोचेपर्यंत ठरवलं.

६

शनिवारी सकाळी ती लेथपाशी गेली. कबुली द्यायची तर हातात माप तरी हवं, म्हणून भाचीच्या सिलिंडरची नोंद शोधायची होती. चहाचा काचेचा ग्लास तिनं बाकावर ठेवला. बाकाच्या डाव्या पायाखालची पाचर निघालेली होती, त्यामुळे बाक कलला होता. ग्लासही कलला.

मावशीनं नोंद शोधली. माप बरोबर होतं, पण आपल्याच अक्षरावर विश्वास किती ठेवायचा, या विचारात ती उभी राहिली. नजर ग्लासावर होती. चहा अर्धा ग्लास. डाव्या कडेला तो वर चढला होता, उजव्या कडेला खाली उतरला होता. ती बराच वेळ त्याकडे पाहत राहिली.

मग तिला धूळ भरलेले दोन ओरखडे आठवले. नवा खड्डा आठवला. रिकामा खिळा, डाव्या हातातला चहा, आणि भाचीनं आपल्याकडून म्हणून केलेलं वेल्डिंग. पस्तीस वर्षं पाणसळ लावल्याशिवाय यंत्र चालू न करणारी बाई दोन दिवस कललेल्या गाडीभोवती फिरत होती. तिला स्वतःची लाज वाटली आणि हसूही आलं.

चहा तसाच टाकून ती निघाली. जाताना तिनं डॉक्टरीणबाईंना फोन केला. “येताना लॅबमधलं मापाचं मोठं भांडं आणा. माझ्या मापावर विश्वास ठेवायची गरज नको.”

७

बारा वाजता गॅरेजमध्ये सगळे हजर होते. डॉक्टरीणबाई काचेचं मोजपात्र घेऊन आल्या होत्या. काका सरळ उभे होते, भिंगरी कधी या पायावर, कधी त्या पायावर. पार्टवाला आपल्या मालाची बाजू मांडायला म्हणून आला होता आणि दारात अडकून होता. भाचीचा चेहरा पांढरा पडला होता. गाडी अजून साइड स्टँडवरच होती, गुरुवारी टेंपोवाल्यानं लावली तशी.

“काका,” मावशी म्हणाली, “रोज बघता तसं ऑइल बघून दाखवा.”

काकांनी वाकून इंजिनाच्या उजव्या अंगाची पट्टी काढली, पुसली, पुन्हा आत घालून काढली आणि सगळ्यांसमोर धरली. “वरच्या खुणेच्या जरा खाली. म्हणजे आजही थोडं घालावं लागेल.”

“आता भिंगरी, गाडी मेन स्टँडवर घे.”

“तो फार जड झालाय,” भिंगरी कुरकुरला. पण त्यानं दात-ओठ खाऊन गाडी मागे ओढली आणि ती मेन स्टँडवर सरळ उभी राहिली. मावशीनं पुन्हा पट्टी काढली. ऑइल खुणेच्या कितीतरी वर, पट्टीच्या मुठीपर्यंत चढलं होतं.

भाचीनं न सांगता ड्रेन बोल्ट काढला आणि मोजपात्र खाली धरलं. धार संपायला वेळ लागला. डॉक्टरीणबाईंनी पात्र डोळ्यांसमोर धरून वाचलं.

“एक लिटर चारशे.”

“असायला हवं एक लिटर,” मावशी म्हणाली. “गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलते. पट्टी उजवीकडे आहे. ऑइल डावीकडे जातं आणि पट्टी म्हणते, कमी आहे. मग माणूस घालतो. जादा झालेलं ऑइल आत घुसळून फेसाळतं आणि हवेच्या नळीतून फिल्टरमध्ये जातं. तिथून इंजिन ते ओढतं आणि जाळतं. म्हणून निळा धूर, म्हणून ओला प्लग, म्हणून मिसिंग. जादाचं थोडं जळलं की पट्टी पुन्हा कमी दाखवते आणि पुन्हा बाटली येते. गाडी ऑइल खात नव्हती. तिला भरवत होते.” ती भाचीकडे वळली. “आणि तू गुरुवारी घाबरून तीच चूक केलीस. मीही विचारलं नाही, गाडी कशी उभी आहे म्हणून. तेव्हा फार हुरळू नकोस.”

भाचीनं कपाळाला हात लावला. हाताचं ऑइल कपाळाला लागलं, तिला पत्ता नव्हता.

“थांबा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “काका तीस वर्षं ऑइल बघतायत. तीस वर्षं चुकीचं बघत होते?”

“तीस वर्षं बरोबर बघत होते. मेन स्टँडवर लावून. तुमच्या फरशीवर खुणा आहेत.”

“मग आता काय झालं?”

मावशीनं पिशवीचा बंद बांधला. “गाडीचं जेवढं होतं तेवढं मी सांगितलं. पुढचं सांगणं माझं काम नाही.”

काका मोजपात्राकडे पाहत होते. गॅरेजमधल्या कुणाहीपेक्षा त्यांना सगळं आधी कळलं होतं. त्या ऑइलमध्ये त्यांची तीन आठवड्यांची स्वच्छ वही होती आणि ते बाळ होतं.

“माझा उजवा खांदा गेलाय,” ते म्हणाले. “वर्ष झालं. हात वर जात नाही, ओढ लावली की कळ येते. पूर्वी स्टँड झिजलेला होता, जमून जायचं. इंजिन होऊन आलं त्या दिवशी गाडी उचलेना. दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा डोळ्यांपुढे अंधारी आली. वाटलं, हे कळलं तर गाडी काढून घेतील. म्हणून साइड स्टँडवर लावायला लागलो. ऑइल तेवढंच दिसतं का, हा विचार नाही आला. आणि दोष दिला पोरीला.”

त्यांनी किल्ली डाव्या हातानं डॉक्टरीणबाईंपुढे धरली.

डॉक्टरीणबाईंनी किल्ली घेतली नाही. त्यांनी काकांना स्टुलावर बसवलं, खांद्यावर बोटं ठेवली आणि हात हळूहळू वर न्यायला लागल्या. एका जागी काकांचा श्वास अडकला. “तीस वर्षं लोकांचं रक्त तपासायला आणून देताय,” त्या म्हणाल्या, “आणि हा खांदा माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होता. मीही तुम्हाला डाव्या हातानं चहा घेताना रोज बघत होते.” मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “गोठलेला खांदा आहे. सहा आठवडे गाडी बंद. व्यायाम मी सांगेन. त्यानंतर हात तपासून ठरवू.”

८

नवं ऑइल एक लिटर मोजून घातलं, फिल्टर धुऊन वाळवला, प्लग बदलला. गाडी पहिल्या किकला उठली. मावशीनं वीस मोजले आणि पुठ्ठा उजेडात धरला. कोरा होता. तिनं मागे तारीख घातली आणि डब्यात न ठेवता तो भाचीला दिला.

“स्टँड उंच केलास ते चांगलं काम होतं,” ती म्हणाली. “चालवणाऱ्याला सांगितलं नाहीस ते वाईट होतं. आणि हो, सोमवारी माझे डोळे दाखवायला जायचंय. तू चल बरोबर.”

पत्रात म्हटल्याप्रमाणे सगळ्या दवाखान्यांना कळवलं गेलं. काका सोमवारपासून भिंगरीच्या मागे बसून प्रत्येक दवाखान्यात गेले. प्रत्येक ठिकाणी हेल्मेट काढून तेच दोन वाक्यांत सांगत, “इंजिन पोरीनं चोख बांधलंय. ऑइल मी जास्त घातलं.” टपरीवर मात्र ते स्टुलावर बसून, अख्खा चहा संपेपर्यंत बोलले. भिंगरी नंतर म्हणाला की एवढं तर काका तीस वर्षांत मिळून बोलले नसतील.

भाचीनं त्या आठवड्यात मेन स्टँड खोलून नेला. त्याचे पाय तिनं तसेच ठेवले, पण पाय देऊन दाबायचा दांडा वेल्डिंग करून वीतभर लांब केला आणि टोकाला रुंद पत्रा बसवला.

सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी हात तपासून होकार दिला, त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेसहाला भाची छपराखाली जाऊन उभी राहिली. काकांनी गाडी आणली आणि सवयीनं सीटमागचा दांडा पकडायला उजवा हात पुढे केला.

“हात नको काका,” भाची म्हणाली. “नुसते उभे राहा त्याच्यावर.”

काकांनी पत्र्यावर बूट ठेवला आणि अंगाचं वजन सोडलं. गाडी सावकाश मागे सरली, उचलली गेली आणि जुन्या दोन ओरखड्यांत जाऊन बसली. ते उतरून इंजिनाच्या उजव्या अंगाला आले. मग ऑइलची पट्टी काढली, पुसली, आत घालून पुन्हा काढली आणि स्वतः न वाचता भाचीपुढे धरली.

“तू सांग,” ते म्हणाले. “मला चष्मा लागतो आता.”